ओढा धरला की गाव लागतं

"ओढा धरला की गाव लागतं," दादा म्हणाला, आणि काठी उताराकडे रोखून त्यानं विषय संपवला.

आम्ही दोघं भाऊ अंदमानातल्या एका बेटावर, भर जंगलात उभे होतो. दुपारचा दीड वाजला होता. पायवाट पंधरा मिनिटांपूर्वीच पालापाचोळ्यात कुठेतरी विरून गेली होती. डाव्या हाताला एक ओढा झुळझुळत खाली चालला होता. उजव्या हाताला चढ होता, वेताच्या काटेरी जाळ्यांनी गच्च भरलेला. ओढा धरायचा की चढ चढायचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं बरोबर उत्तर मला माहीत होतं.

"दादा, त्या शेफालीदी सकाळी म्हणत होत्या, वाट चुकली तर वर चढा..."

"त्या बाईंना काय विचारतोस? सुपारीच्या बागेबाहेर गेल्यात का त्या कधी? रंग्या, तीस वर्षं मी पोरं घेऊन किल्ले चढलोय. एक पोरगं हरवलं नाही. पाणी कुठं जातं? खाली. माणसं कुठं राहतात? पाण्याजवळ. चल."

"बरं दादा," मी म्हणालो आणि त्याच्या मागे उतरायला लागलो.

हे 'बरं दादा' कुठून आलं ते आधी सांगायला हवं, कारण त्या दिवशी त्या दोन शब्दांनी आम्हा दोघांना जवळजवळ बुडवलंच होतं.

आम्ही हिंगमिरे, जुन्नरचे. दादा, म्हणजे यशवंत, हायस्कुलात पी.टी.चा मास्तर. मी श्रीरंग, त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटा. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पाणबुडी मोटरी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, हा धंदा. आमचं दोघांचं भांडण पेठेत प्रसिद्ध होतं. शेंगा उकडताना मीठ आधी घालायचं की नंतर, यावर आम्ही दोन दिवस भांडलो आहोत. आई म्हणायची, "तुमच्या आवाजानं घरातल्या पाली पळाल्या." दादा रोज सकाळी शाळेच्या आधी माझ्या दुकानात चहा प्यायला यायचा, आणि चहाआधी भांडण उकळायचं. गिऱ्हाईकं मोटर बाजूला ठेवून ऐकत बसायची.

मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. चौदा महिने आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिस. बायको सुलभा डबा घेऊन एस.टी.त शेजारी बसायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. एक दिवस दादा दुकानात आला, चहा न मागता बसला आणि त्यानं एक कागद माझ्या टेबलावर, तारेच्या तुकड्यांत ठेवला. घरात कुणाला न सांगता तो स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून आला होता.

"जुळतेय," तो म्हणाला. "आता यावर वाद नको. मास्तरनं सांगितलं की ऐकायचं असतं."

मी वाद घातला नाही. आणि त्यानंतर कधीच घातला नाही.

ज्यानं पोटातला अवयव काढून दिला त्याला 'तू चुकतोस' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? दादानं माझ्या दुकानाचं शटर पोपटी रंगवून घ्यायला सांगितलं, मी घेतलं. टेबल पूर्वेला फिरव म्हणाला, फिरवलं, आणि पाठीवर ऊन घेत वर्षभर तार गुंडाळली. आईच्या वर्षश्राद्धाला चाळीस माणसांना जिलेबी की बासुंदी, असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तू म्हणशील ते." त्यानं यादीचा कागद चुरगाळून खिशात टाकला. हळूहळू त्याचं चहाला येणं कमी झालं. आला तरी काहीतरी टोचून बोलायचा, मी 'बरोबर आहे दादा' म्हणायचो, तो कप खाली ठेवून निघून जायचा. मला वाटायचं, वय झालं, निवळला.

ऑपरेशनला तीन वर्षं झाली त्या साली तो रिटायर झाला आणि त्यानंच ही ट्रिप ठरवली. दोन भाऊ, दोन जावा. डॉक्टरांनी मला परवानगी देताना बजावलं होतं: सकाळी नऊ आणि रात्री नऊची गोळी चुकवायची नाही, दिवसाला तीन लिटर पाणी, तेही बाटलीतलंच, आणि चिखलात पायाला जखम होऊ द्यायची नाही. या सूचना माझ्यापेक्षा दादालाच जास्त पाठ होत्या. त्यानं माझ्यासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले होते. मापानं एक नंबर मोठे. मी तेही मुकाट्यानं घातले.

त्या दिवशी जावा म्हणाल्या, आम्हाला पायपीट नको, आम्ही समुद्रावर बसतो. मग मी नऊची गोळी घेतली आणि आम्ही दोघंच निघालो. जिथं उतरलो होतो त्या घराच्या मालकीण शेफालीदी मंडल. त्यांचे सासू-सासरे पूर्व बंगालमधून उठून इथं येऊन वसले होते. दादा पायरीवर बुटाच्या नाड्या बांधत असताना त्या मला फाटकापाशी घेऊन गेल्या आणि डोंगराकडे बोट करून म्हणाल्या, "रास्ता भूल गए तो ऊपर चढ़ना. ऊपर बिजली का खंभा है, खंभा पकड़ के आओ तो गाँव. नीचे बिल्कुल नहीं जाना. नीचे खाड़ी है. दो बजे के बाद पानी चढ़ता है. और मगरमच्छ भी है."

एवढं स्वच्छ सांगितल्यावर कुणी चुकेल का? पण मी चुकलो.

सकाळ मात्र अशी होती की ती आठवली की आजही मला कुणाचे तरी पाय धरावेसे वाटतात. आधी सुपारीच्या बागा, मग केळी, मग एकदम जंगल. आमच्याकडचं रान म्हणजे करवंद, कारवी आणि मधे उघडा कातळ. इथं कातळ दिसतच नव्हता. जमिनीपासून आभाळापर्यंत हिरवं. झाडांच्या बुंध्यांना भिंतींसारखे पाखे फुटलेले, एकेका पाख्याआड माणूस उभा राहील. वेलींवर वेली, त्यांच्यावर नेचे, आणि नेच्यांवर बसलेली हाताएवढी निळी-काळी फुलपाखरं. ओलाव्यानं दोघांच्याही चष्म्यांवर सारखं धुकं धरत होतं. एक खेकडा चक्क झाडावर चढत होता.

दादा लहान पोरासारखा पुढे पळत होता. "रंग्या, हे बघ. रंग्या, ते बघ." चौदा महिने मी सुईला बांधलेला होतो. तेव्हा दिवसाला किती घोट पाणी प्यायचं ते मोजून मिळायचं. आणि आता मी एका बेटावर, स्वतःच्या पायांनी, घामानं निथळत चाललो होतो आणि हवं तेवढं पाणी पीत होतो. वाटेत एका ठिकाणी मला रडू आलं. दादा पुढे होता म्हणून बरं.

साडेअकराला आम्ही पलीकडच्या किनाऱ्यावर पोचलो, पुरीभाजी खाल्ली, पाण्यात पाय बुडवून बसलो. आणि परत निघताना दादानं आपला तो जुना नेम काढला: आल्या वाटेनं परत जायचं नाही. तीस वर्षं त्यानं पोरांना एका वाटेनं चढवलं आणि दुसऱ्या वाटेनं उतरवलं होतं. "तीच वाट पुन्हा तुडवायची म्हणजे फिरायला आलो कशाला?" मी म्हणालो, "बरं दादा." तासाभरात वाट हरवली आणि ओढा आला.

ओढ्याच्या कडेनं आम्ही अर्धा तास उतरलो. सह्याद्रीत दादाचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. तिथं ओढा धरला की आधी एखादं खाचर दिसतं, मग गुरं, मग कुत्री भुंकतात. इथं खाचर आलं नाही. उतार संपला, पाणी संथ झालं, मातकट झालं, आणि जमीन पायाखाली मऊ पडायला लागली. झाडं बदलली. आता ती मुळांवर उभी होती, लाकडी घोड्यांसारखी, आणि चिखलातून बोटाएवढाली हजारो मुळं वर डोकावत होती. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागले. वास आला, कुजलेल्या पानांचा आणि मिठाचा.

"बघ," दादा म्हणाला, "सपाटी आली. आता गाव येणार."

माझी बाटली संपली होती. त्यानं स्वतःची अर्धी बाटली माझ्या हातात दिली. "तू पी."

"तू?"

"मला एकच आहे, मला कमी लागतं."

हे साफ खोटं होतं. कोणत्याही डॉक्टरनं असं सांगितलेलं नाही. मी ते पाणी प्यायलो, 'नको' म्हणता आलं नाही म्हणून. आणि त्या घोटाची मला इतकी लाज वाटली की मी खाली पाण्याकडे बघत राहिलो.

तिथं एक पिवळं पान तरंगत होतं. ते वर चाललं होतं. ज्या दिशेनं आम्ही आलो त्या दिशेला, उताराकडून चढाकडे, सावकाश. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते, ते मी रोज बघतो. पण ओढा उलटा फिरलेला कधी पाहिला नव्हता. मी घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं.

"दादा," मी शक्य तितक्या नरमाईनं म्हणालो, "पाणी उलटं चाललंय."

"वारा असेल." तो पुढच्या मुळावर पाय टाकून गेलासुद्धा. आमच्या आणि सुक्या वाटणाऱ्या एका उंचवट्याच्या मधे दहा-बारा पावलांचा पाण्याचा पट्टा होता. "गुडघाभर असेल. इथून पार झालो की संपलं."

त्यानं काठी पाण्यात घातली. काठी निम्मी बुडाली. तेवढ्यात मला त्याच्या डाव्या हाताला, चिखलाच्या काठावर, ती खूण दिसली. पोतं ओढत नेल्यावर जमिनीवर उमटते तशी रुंद, गुळगुळीत पन्हळ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे. चिखल अजून ओला होता.

माझ्या तोंडात 'बरं दादा' हे दोनच शब्द उरले होते आणि त्यांचा आता काही उपयोग नव्हता. दादानं उजवा पाय उचलला.

"थांब!" मी ओरडलो. "थांब, गाढवा! पाय मागे घे!"

त्याचा पाय तसाच हवेत राहिला.

"मगर उतरलीय तिथनं! दिसत नाही का तुला? ही खाडी आहे, गाव नाही! भरती चढतेय! त्या बाईनं मला सकाळी सांगितलं होतं, खाली जाऊ नका म्हणून, आणि तू म्हणे ओढा धर! हे जुन्नर आहे का?"

दादानं चिखलातली खूण बघितली. त्यानं पाय मागे घेतला, मुळाला मिठी मारून उभा राहिला. पलीकडे, झाडांच्या आड, पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. ओंडका असेल, दुसरं काही असेल.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण तीन वर्षांचं साठलेलं होतं, ते थांबेना.

"तुला दिशा कळत नाहीत! कधीच कळल्या नाहीत! हडसरच्या किल्ल्यावर पोरांना घेऊन चुकलास आणि हेडमास्तरांना म्हणालास, मुद्दाम लांबून आणलं! माझं शटर पोपटी केलंस, लोक विचारतात पानाची टपरी टाकली का! टेबल पूर्वेला! पाठ भाजून निघाली माझी! आणि हे बूट! नऊ नंबरचे! माझा पाय आठचा आहे, चाळीस वर्षं आठचाच आहे!"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?" आता तोही ओरडला.

"कसा बोलणार? तुझी किडनी आहे ना माझ्यात!"

दादानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा चिखलानं माखलेला होता.

"किडनी दिली, लेका," तो म्हणाला. "बदल्यात जीभ नव्हती मागितली."

पाणी त्याच्या घोट्यांवर आलं होतं. मी हात पुढे केला, त्यानं धरला, आणि एका मुळावरून दुसऱ्या मुळावर पाय टाकत आम्ही मागे फिरलो. या वेळी पुढे मी होतो. कडक जमीन लागल्यावर मी बाटली त्याच्यापुढे धरली. तळाशी चार घोट होते.

"तू पी," तो म्हणाला.

"पिणार नाही. तुझीही एकच आहे. कमी लागतं म्हणे! कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? नाव सांग."

"मी सांगतो ना."

"तू पी.टी.चा मास्तर आहेस. पी."

त्यानं दोन घोट घेतले, मी दोन घेतले. मग आम्ही तो चढ चढलो. वेताचे काटे उलट्या गळासारखे असतात, एकदा कापडात शिरले की मागे घेतल्याशिवाय सुटत नाहीत. शर्ट फाटले, हात सोलवटले, आणि संपूर्ण चढभर आम्ही भांडत होतो. डावीकडून की उजवीकडून. थांबायचं की नाही. दादाचं म्हणणं, मी पावलं फार लांब टाकतो. माझं म्हणणं, त्यानं तोंड मिटलं तर दम कमी लागेल. धाप लागलेली असताना भांडणं अवघड असतं, पण सवयीनं जमतं. पाऊण तासानं माथ्यावर पहिला विजेचा खांब दिसला. दादानं त्याला पाठ टेकली आणि तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला.

"रंग्या," तो म्हणाला, "हडसरला खरंच चुकलो होतो."

"माहितीये. सगळ्या शाळेला माहितीये."

खांबांच्या ओळीनं आम्ही साडेचारला गावात उतरलो, पहिल्या टपरीवर पाण्याच्या चार बाटल्या घेतल्या आणि तिथंच रिकाम्या केल्या. मग घराकडे निघालो. फाटकात शिरलो तेव्हा आमचं नवीनच जुंपलं होतं. मगरीची खूण किती रुंद होती यावर. मी दीड हात म्हणत होतो, तो एक हात.

"दीड हात! डोळे आहेत की बटणं?" मी ओरडत होतो.

सुलभा धावत ओसरीवर आली. आमचे अवतार बघून ती आधी घाबरली, आणि मी काय बोलतोय ते ऐकून जास्त घाबरली. "अहो!" ती म्हणाली. "काय बोलताय? कुणाला बोलताय?" तिच्या मागून कुमुदवहिनी आल्या, दादाची बायको. दादा तिकडे हातपंपाकडे पाय धुवायला गेला होता आणि तिथूनही "एक हात!" म्हणून ओरडत होता.

"वहिनी, माफ करा," मी म्हणालो. "जंगलात जरा..."

कुमुदवहिनी पायरीवर बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, संपलं, आता या माणसाच्या उपकारांची मी चांगली फेड केली.

"भांडा भावोजी," त्या म्हणाल्या. "पोटभर भांडा. अगं सुलभा, तुला सांगते, ऑपरेशन झाल्यापासून हे रोज झोपताना मला एकच विचारतात. 'रंग्या माझ्यावर रागावलाय का गं? नीट बोलत नाही. नुसता हो हो करतो. मी दिलेली त्याला नको होती का?' तीन वर्षं झाली. मी काय सांगणार?"

तीन वर्षं मी ज्याला मान देणं समजत होतो, ते त्याच्या घरी रोज झोपताना असं पोचत होतं. जळालेल्या मोटरीत दोष कुठं आहे ते मी वासावरून ओळखतो, आणि सख्खा भाऊ समोर बसून चहाचा कप खाली ठेवून निघून जात होता, ते मला कळलं नव्हतं.

मी हातपंपापाशी गेलो. दादा दगडावर बसून पायातला वेताचा काटा काढायचा प्रयत्न करत होता. त्याचा चष्मा चढावर वेताच्या जाळीत पडला होता, जवळचं काही दिसत नव्हतं. मी खाली बसलो आणि त्याचा पाय मांडीवर घेतला.

"दादा," मी म्हणालो, "मला हवी होती. मला जगायचं होतं, आणि तू दिलीस म्हणून मी जगतोय. रोज सकाळी उठतो तेव्हा पहिलं हेच मनात येतं. कधी बोललो नाही."

आमच्यात असं बोलायची पद्धत नाही. भावाचे आभार मानले तर तो परका केल्यासारखा होतो. दादानं हातपंपाचा दांडा उगाच एकदा खाली दाबला.

"बरं," तो म्हणाला. मग नाक ओढून म्हणाला, "काटा काढ आता नीट. तुला एक काम धड येत नाही."

"मग पाय हलवू नकोस, म्हाताऱ्या," मी म्हणालो आणि चिमटीत काटा धरला.